प्रवासाचा इंधनखर्च : अंदाज रुपयांत नव्हे, लिटरांत

(हिंगोली जिल्ह्यातील पंचायत सदस्य, शिक्षक व क्षेत्रीय अधिकारी यांच्यासाठी तयार केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



परगावी जाण्याचा बेत ठरला की घरात, कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीच्या ओट्यावर पहिला प्रश्न निघतो तो ‘गाडीला किती लागतील?’ हा. त्याचे उत्तरही बहुधा ठरलेले असते. कोणी तरी जाणता माणूस क्षणभर विचार करतो आणि ‘चार हजारांत होऊन जाईल,’ असे सांगून मोकळा होतो. त्या आकड्यावर वर्गणी गोळा होते, गाडी ठरते आणि मंडळी निघतात. परतताना मात्र शेवटच्या पंपावर हिशेब जुळत नाही. मग कोणी तरी खिशातून भर घालतो, कोणी तरी रुसतो, आणि पुढच्या वेळी निम्मी माणसे ‘आम्हाला जमणार नाही’ असे आधीच कळवून टाकतात.

वरवर पाहता ही किरकोळ गोष्ट वाटेल. तथापि, हिंगोलीसारख्या जिल्ह्यात ती तितकी किरकोळ नाही. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव हे त्याचे पाच तालुके. अकोला-पूर्णा रेल्वेमार्ग जिल्ह्यातून जातो, एस.टी.ची सेवाही आहे. परंतु आडमार्गावरील अनेक गावांना वेळेची निकड असली म्हणजे भाड्याच्या जीपवाचून गत्यंतर नसते. मोठे रुग्णालय, विद्यापीठ, विभागीय आयुक्तांचे कार्यालय, उच्च न्यायालयाचे खंडपीठ, यांपैकी प्रत्येक कामासाठी जिल्ह्याबाहेर पडावे लागते. जेथे प्रवास टाळता येत नाही आणि पैसा मोजका असतो, तेथे चुकलेला अंदाज हा केवळ गणिताचा दोष राहत नाही. कोण गाडीत बसणार आणि कोण घरी राहणार, हे त्यावरून ठरते.

या विषयातील मुख्य सूत्र एका वाक्यात सांगता येते. इंधनाचा अंदाज प्रथम लिटरांत करावा आणि नंतरच त्याचे रुपये करावेत. रुपयांचा आकडा बाजाराबरोबर बदलतो. लिटरांचा आकडा मात्र रस्ता, वाहन आणि भार यांवर अवलंबून असतो. म्हणून तो टिकतो, तपासता येतो आणि पुढच्या प्रवासालाही उपयोगी पडतो.

एका अभ्यासदौऱ्याचे उदाहरण

हे सूत्र समजून घेण्यासाठी एक कल्पित, परंतु नेहमीच्या अनुभवातले उदाहरण घेऊ. सेनगाव तालुक्यातील एका ग्रामपंचायतीचे नऊ सदस्य अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव पाहण्यास निघाले आहेत. पाणलोट विकास आणि गावाने मिळून केलेला पाण्याचा ताळेबंद यांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. तेथील कार्याबद्दल श्री. पोपटराव पवार यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. वाटेत छत्रपती संभाजीनगरजवळील पाटोदा या आदर्श गावासही भेट द्यावयाची आहे. चालकासह दहा आसनांची डिझेल जीप भाड्याने ठरली आहे. गाडीचे दिवसाचे भाडे वेगळे आणि डिझेल प्रवाशांचे, असा करार आहे. दौरा स्वखर्चाने असून डिझेलचा खर्च नऊ जणांनी सारखा वाटून घ्यावयाचा आहे. नऊ सदस्यांमध्ये महिला आहेत, आणि त्यांतील दोघी शेतमजुरीवर घर चालविणाऱ्या आहेत.

प्रथम नेहमीच्या पद्धतीने केलेला अंदाज पाहू. सेनगावहून येलदरी, जिंतूर, जालना, छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगर या मार्गाने एकेरी अंतर सुमारे ३५० किलोमीटर. जाऊन येऊन ७००. गाडीमालक सांगतो, ‘गाडीला पंधराचा ॲव्हरेज आहे.’ सातशेला पंधराने भागले की सुमारे ४७ लिटर होतात. डिझेलचा दर हिशेबाच्या सोयीसाठी लिटरला ९० रुपये धरला, तर रक्कम ४,२३० रुपये येते. म्हणजे माणशी ४७० रुपये. सर्वांना आकडा पटतो आणि वर्गणी जमा होते.

वस्तुतः या हिशेबातील भागाकार बरोबर आहे. चूक आहे ती भागाकारात घातलेल्या आकड्यांत. ते आकडे एकेक करून तपासले पाहिजेत.

पहिला आकडा : अंतर

नकाशावरील किंवा मैलाच्या दगडावरील अंतर हे एका गावापासून दुसऱ्या गावापर्यंतचे असते. गाडी मात्र मालकाच्या दारापासून मालकाच्या दारापर्यंत चालते. वरील उदाहरणातील जीप हिंगोलीहून गावात यावयाची आहे आणि सर्वांना उतरवून हिंगोलीस परत जावयाची आहे. हे येणे-जाणे प्रत्येकी ३० किलोमीटर धरले तरी ६० किलोमीटर होतात. प्रवासी गाडीत नसले तरी डिझेल जळतेच, आणि करारानुसार ते प्रवाशांच्याच माथी येते.

त्यानंतर वाटेतील आडवळणे. पाटोद्यास जाण्यासाठी मुख्य रस्ता सोडावा लागतो. मुक्कामाची जागा, भोजनाची जागा आणि पंप यांसाठी शहरात फेऱ्या होतात. रस्त्याचे काम चालू असेल तर वळणमार्ग घ्यावा लागतो. अशा फेऱ्यांचे ४० किलोमीटर धरणे मुळीच जास्त नाही. अशा रीतीने ७०० किलोमीटरचा प्रवास प्रत्यक्षात ८०० किलोमीटरचा ठरतो. केवळ या एका दुरुस्तीने, मालकाने सांगितलेला ॲव्हरेज तसाच ठेवला तरी, ४७ लिटरचे ५४ लिटर होतात.

यास्तव अंतर लिहिताना एक आकडा न लिहिता तीन आकडे लिहावेत : मुख्य मार्गाचे जाणे-येणे, गाडीची रिकामी फेरी आणि आडवळणे. तीन ओळी समोर असल्या म्हणजे विसरलेले काय आहे, ते लगेच ध्यानात येते.

दुसरा आकडा : वाहनाची खरी सरासरी

अंदाज सर्वांत अधिक चुकतो तो येथे. वाहन एका लिटरमध्ये किती किलोमीटर जाते, याविषयी तीन निरनिराळे आकडे प्रचलित असतात. एक कंपनीने छापलेला, दुसरा मालकाने सांगितलेला आणि तिसरा प्रत्यक्षातील.

कंपनीचा आकडा खोटा नसतो. पण तो ठरावीक चाचणीतील असतो. पुणे येथे १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजेच एआरएआय, ही संस्था वाहनांच्या अशा चाचण्या करते. प्रयोगशाळेत वाहन फिरत्या रुळांवर ठरलेल्या क्रमाने चालविले जाते. त्या रुळांवर खड्डे नसतात, टपावर सामान नसते आणि बाजाराच्या दिवशी रस्त्यात थांबलेल्या बैलगाड्याही नसतात. अशा चाचणीने दोन वाहनांची परस्परांशी तुलना करता येते. विशिष्ट रस्त्यावर विशिष्ट गाडी किती इंधन पिईल, हे मात्र त्यावरून कळत नाही.

मालकाचा आकडा बहुधा गाडी नवी असतानाचा आणि मोकळ्या गाडीचा असतो. म्हणून खरा आकडा मोजूनच काढावा लागतो, आणि ती रीत अगदी सोपी आहे. पंपाचा नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी फुल्ल करावी आणि मीटरवरील किलोमीटर लिहून ठेवावेत. नेहमीच्या भाराने तीनचारशे किलोमीटर तरी गाडी चालल्यावर, शक्यतो त्याच पंपावर, पुन्हा तशीच टाकी भरावी. दुसऱ्या वेळी जितके लिटर बसले, तितकेच मधल्या काळात जळले. उदाहरणातील जीप ५०४ किलोमीटर चालली आणि तिच्यात ४२ लिटर डिझेल बसले, असे समजू. ५०४ भागिले ४२ म्हणजे १२. मालकाचे पंधरा येथे बारा ठरले. काट्यावरून किंवा अंदाजे ‘अर्धी टाकी’ धरून केलेला हिशेब विश्वसनीय नसतो. टाकीचा आकार सर्वत्र सारखा नसल्याने काट्याचे घर सारख्या गतीने उतरत नाही.

८०० किलोमीटरला १२ ने भागले की सुमारे ६७ लिटर होतात. म्हणजे अंतराच्या चुकीने ७ लिटर वाढले होते, ते सरासरीच्या चुकीने आणखी १३ लिटरने वाढले.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांपुढे ठेवावी अशी एक गंमत येथेच आहे. एखादी गाडी सपाट रस्त्यावर १०० किलोमीटर १५ च्या सरासरीने आणि घाटात १०० किलोमीटर १० च्या सरासरीने गेली, तर एकूण सरासरी किती? बहुतेक जण साडेबारा सांगतात. प्रत्यक्षात सपाट रस्त्यावर सुमारे ६.६७ लिटर आणि घाटात १० लिटर, असे एकूण १६.६७ लिटर इंधन लागते. २०० किलोमीटरला इतके इंधन म्हणजे सरासरी बरोबर १२. सरासरींची सरासरी काढू नये, लिटरांची बेरीज करावी, हा धडा सातवी-आठवीच्या वर्गात एका तासात शिकविता येईल आणि तो आयुष्यभर उपयोगी पडेल.

सरासरी कशाने घटते ?

वाहनाची सरासरी ही कायमची ठरलेली नसते. तिच्यावर वेगाचा परिणाम फार मोठा असतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटरवरून १२० किलोमीटरवर गेल्यास वेग दीडपट होतो, पण हवेचा अडथळा सव्वादोन पट होतो. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग शेजारच्या वाशिम जिल्ह्यातून जातो, आणि जून २०२५ पासून तो ७०१ किलोमीटरच्या संपूर्ण लांबीत खुला आहे. या महामार्गाने वेळ वाचतो यात शंका नाही. तथापि, वेळेची बचत म्हणजे इंधनाची बचत, असे समजून अंदाज केल्यास तो चुकेल. टपावर सामान बांधले असेल तर ही वाढ आणखी जाणवते.

इंधनाच्या काटकसरीसाठी १९७८ साली स्थापन झालेली पेट्रोलियम कन्झर्वेशन रिसर्च असोसिएशन ही संस्था चालकांना पूर्वीपासून सांगत आली आहे की, ताशी ४५ ते ५५ किलोमीटरच्या दरम्यान गाडी चालविणे इंधनाच्या दृष्टीने किफायतशीर असते, चाकांतील हवा योग्य ठेवावी, क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नये आणि थांबा लांबणार असेल तर इंजिन बंद करावे. उभ्या गाडीचे चालू इंजिन तासाला साधारण अर्धा ते एक लिटर इंधन जाळते. पाहुण्यांची वाट पाहत, वातानुकूलन चालू ठेवून, दोन तास उभ्या राहिलेल्या गाडीने एकही किलोमीटर न चालता वीसपंचवीस किलोमीटरचे इंधन संपविलेले असू शकते.

पेट्रोलच्या वाहनांबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. देशात पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. एक लिटर इथेनॉलमधील ऊर्जा एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी असते. २० टक्के मिश्रणामुळे, मूळ साध्या पेट्रोलसाठी रचलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळविलेल्या चारचाकी वाहनांची कार्यक्षमता ६ ते ७ टक्क्यांनी आणि तशा दुचाकींची ३ ते ४ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या तज्ज्ञ समितीच्या अहवालात दिला होता. नव्या रचनेच्या वाहनांत ही घट कमी असते. म्हणून पाचसहा वर्षांपूर्वी मोजलेल्या सरासरीवर आज विसंबून राहू नये. ती पुन्हा मोजून घ्यावी.

तिसरा आकडा : दर

दराविषयी चर्चा सर्वांत अधिक होते. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे दर ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले. १६ जून २०१७ पासून देशभर दररोज सकाळी सहा वाजता दर ठरविण्याची पद्धत आली. प्रत्यक्षात दर कधी रोज काही पैशांनी सरकतात, कधी महिनोन्‌महिने हलत नाहीत, तर कधी एका रात्रीत बरेच बदलतात. मे २०२२ मध्ये केंद्र शासनाने उत्पादन शुल्कात पेट्रोलवर लिटरला ८ रुपये आणि डिझेलवर ६ रुपये कपात केली. त्यानंतर जुलै २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने मूल्यवर्धित करात पेट्रोलवर ५ रुपये आणि डिझेलवर ३ रुपये सूट दिली. रुपयांत लिहून ठेवलेले जुने अंदाज अशा वेळी एका दिवसात निरुपयोगी होतात. लिटरांत लिहून ठेवलेला अंदाज मात्र तसाच कामास येतो.

दर सर्वत्र सारखा का नसतो, याचे उत्तम उदाहरण हिंगोलीच्या शेजारीच आहे. परभणी हे पेट्रोलच्या चढ्या दरासाठी महाराष्ट्रात वारंवार चर्चेत आलेले शहर. २०२१ साली तेथे साध्या पेट्रोलचा दर लिटरला शंभर रुपयांच्या पुढे गेला, तेव्हा मुंबईतील दर त्याहून कमी होता. तेथील पंपांना नाशिक जिल्ह्यातील मनमाडजवळच्या डेपोतून तीनशेहून अधिक किलोमीटरवरून टँकरने पुरवठा होतो, आणि तो वाहतूक खर्च दरात मिळविला जातो. इंधन आणण्यासाठीही इंधन जाळावे लागते. डेपोपासून दूरच्या जिल्ह्यास त्याची किंमत मोजावी लागते.

याशिवाय पेट्रोल आणि डिझेल हे पदार्थ १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या बाहेर ठेवण्यात आले. प्रत्येक राज्य त्यांवर स्वतःचा कर आकारते. परिणामी, राज्याची सीमा ओलांडली की दर बदलतो. नर्सी हे जिल्ह्यातील गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून पूज्य आहे, आणि पंजाबातील घुमान येथे नामदेवांचे वास्तव्य होते. तेथे २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही भरले होते. नर्सीहून घुमानला रस्त्याने जावयाचे तर एकेरी दीड हजार किलोमीटरहून अधिक प्रवास होतो आणि वाटेत अनेक राज्ये लागतात. अशा प्रवासाचा एकच दर धरून चालत नाही. एकूण लिटर काढावेत, ते राज्यांच्या अंतरानुसार विभागावेत आणि प्रत्येक भागास तेथील दर लावावा.

तथापि, दराचे महत्त्व मर्यादित आहे, हेही आकड्यांवरूनच दिसते. अभ्यासदौऱ्याच्या उदाहरणात डिझेल लिटरला दोन रुपयांनी महागले, तर ६७ लिटरमागे १३४ रुपये, म्हणजे माणशी पंधरा रुपये वाढतात. अंतरातील १०० किलोमीटर विसरले, तर ७५० रुपयांची चूक होते. दोन रुपयांच्या दरवाढीवर तासभर वाद घालणारी मंडळी शंभर किलोमीटर विसरतात, हा नेहमीचा अनुभव आहे.

चौथा आकडा : राखीव

अंदाज कितीही काळजीपूर्वक केला, तरी रस्ता आपल्या मर्जीने चालत नाही. पावसाने पूल बंद होतो, रात्री वळणमार्ग चुकतो, एखाद्या सहप्रवाशाची प्रकृती बिघडते. यासाठी एकूण लिटरांवर दहा टक्के राखीव धरावेत. ६७ लिटरांवर ७ लिटर धरले म्हणजे ७४ लिटर होतात. ९० रुपये दराने त्याची रक्कम ६,६६० रुपये, म्हणजे माणशी बरोबर ७४० रुपये.

आरंभीचा अंदाज ४७० रुपयांचा होता. फरक २७० रुपयांचा. शेतमजुरी करणाऱ्या भगिनीच्या दृष्टीने हा साधारण एका दिवसाच्या मजुरीइतका पैसा आहे. दौऱ्यासाठी तिने दोन दिवसांचे काम आधीच सोडलेले असते. परतीच्या वाटेवर ‘आणखी पावणेतीनशे काढा’ असे तिला सांगितले गेले, तर तिच्या अडचणीपेक्षा तिचा अपमान मोठा असतो. याउलट, निघण्यापूर्वी पंधरा दिवस ७४० हा आकडा सर्वांसमोर मांडला गेला असता, तर तिला तजवीज करता आली असती; किंवा इतरांना आपला वाटा थोडा वाढवून तिचा हलका करता आला असता. २०११ पासून महाराष्ट्रातील पंचायत राज संस्थांत महिलांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत. जागा राखीव झाली तरी गाडीतील आसन आपोआप मिळत नाही, हे विसरून चालणार नाही.

राखीव रकमेबाबत एक पथ्य पाळलेच पाहिजे. ती उरली तर परत केली पाहिजे. दौऱ्यात प्रत्यक्ष ६९ लिटर लागले, असे समजू. उरलेल्या ५ लिटरांचे ४५० रुपये, म्हणजे माणशी ५० रुपये, दुसऱ्याच दिवशी परत केले, तर पुढच्या वेळी ७४० रुपये मागताना कोणाचीही भुवई उंचावणार नाही.

इंधनाबरोबर येणारे इतर खर्च, जसे गाडीचे भाडे, चालकाचा भत्ता, टोल, वाहनतळ, हे स्वतंत्र ओळीत दाखवावेत. इंधनाच्या आकड्यात ते मिसळले की दोन्ही हिशेब तपासता येत नाहीत. फास्टॅगमुळे टोलची रक्कम रोख द्यावी लागत नाही, म्हणून तर ती हमखास विसरली जाते.

शेतमालाच्या वाहतुकीस हेच सूत्र

हळद हे या जिल्ह्याचे महत्त्वाचे पीक, आणि हिंगोली व वसमत या तिच्या मोठ्या बाजारपेठा. कोणत्या बाजारात माल न्यावा, या प्रश्नाचे उत्तर भावफलकावर अर्धेच असते. उरलेले अर्धे डिझेलच्या हिशेबात असते. पन्नास किलोमीटरवरील बाजारात पंधरा क्विंटल हळद पिकअपने न्यावयाची आहे, असे समजू. भरलेली गाडी लिटरला १० किलोमीटर जाते, तेव्हा जाताना ५ लिटर लागतात. परतताना ती रिकामी असते आणि लिटरला साडेबारा किलोमीटर जाते, तेव्हा ४ लिटर लागतात. एकूण ९ लिटर, म्हणजे ९० रुपये दराने ८१० रुपये. क्विंटलमागे हा खर्च ५४ रुपये पडतो.

केवळ जाण्याचा खर्च धरला तर तोच ३० रुपये दिसतो. जवळचा बाजार सोडून दूर जाण्याचे ठरविताना हा २४ रुपयांचा फरक निर्णायक ठरू शकतो. तेव्हा परतीच्या फेरीत खत, बियाणे किंवा घरबांधणीचे साहित्य आणता येईल काय, हे पाहिले पाहिजे. दोघातिघांनी मिळून माल नेल्यास क्विंटलमागील खर्च आणखी उतरतो. लिटरांचा हिशेब असा अंदाजाच्या पलीकडे जाऊन नियोजनाचे साधन होतो.

नोंद हीच खरी जमा

शासकीय वाहनांसाठी लॉगबुक असते. निघतानाचे व पोहोचतानाचे रीडिंग, प्रवासाचे कारण, भरलेले इंधन आणि स्वाक्षरी हे रकाने त्यात असतात. कित्येकदा हे रकाने केवळ लेखापरीक्षणासाठी भरले जातात. वस्तुतः तीच पुढील अंदाजाची खाण आहे. वर्षभराच्या नोंदी चाळल्या तर कोणत्या रस्त्यावर, कोणत्या ऋतूत, कोणते वाहन किती इंधन घेते, हे सहज कळते. एखाद्या वाहनाची सरासरी अचानक उतरली, तर यंत्रात दोष आहे, चाकांत हवा कमी आहे किंवा इंधन अन्यत्र जात आहे, यांपैकी काही तरी घडत असल्याची ती सूचना असते.

ग्रामपंचायतींनी या लॉगबुकाचे एक लहान रूप आपल्याकडे ठेवण्यासारखे आहे. गावातून हिंगोली, नांदेड, परभणी, औंढा नागनाथ, वसमत, छत्रपती संभाजीनगर या नेहमीच्या ठिकाणांची मोजलेली अंतरे आणि गावातील जीपला जाऊन येऊन लागणारे लिटर, असा तक्ता कार्यालयाच्या भिंतीवर लावता येईल. त्यात रुपये लिहू नयेत. पंपावरील त्या दिवशीचा दर गावातील कोणालाही भ्रमणध्वनीवर पाहता येतो; गुणाकार तेवढा करावयाचा. शाळेतील मुलांकडून हा तक्ता तयार करून घेतला, तर गणिताच्या तासाचे सार्थक होईल.

या तक्त्याचा उपयोग केवळ सहली आणि दौरे यांपुरता नाही. रुग्णाला नेण्यासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून विनामूल्य उपलब्ध आहे. परंतु नांदेडच्या रुग्णालयातून घरी सोडलेला रुग्ण परत आणावयाचा, त्याच्या नातेवाइकांनी वारंवार ये-जा करावयाची, त्या वेळी भाड्याचे वाहनच करावे लागते. संकटात सापडलेल्या माणसास घासाघीस करता येत नाही. अशा वेळी भिंतीवरील आकडा त्याच्या वतीने बोलतो. प्रामाणिक वाहनचालकासही तो आकडा उपकारक असतो. आपण मागितलेले पैसे वाजवी आहेत, हे त्यास सिद्ध करीत बसावे लागत नाही.

घरचा हिशेब आणि देशाचा हिशेब

ऑक्टोबर १९७३ ते १९७४ चा प्रारंभ या अल्प काळात जगात कच्च्या तेलाचे भाव सुमारे चौपट झाले, तेव्हा इंधन ही गृहीत धरण्याची वस्तू नाही, हे भारताला प्रथम तीव्रतेने जाणवले. १९७४ साली मुंबईजवळच्या समुद्रात तेल सापडले आणि १९७६ पासून बॉम्बे हायचे उत्पादन सुरू झाले. असे असूनही, देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी चार-पंचमांशाहून अधिक तेल परदेशांतूनच आणावे लागते. गावातील एका जीपने पाच लिटर वाचविले तर त्याने देशाची आयात थांबणार नाही, हे खरे. पण ते पाच लिटर वाचले, हे त्या गावाला ठाऊक असणे महत्त्वाचे आहे. मोजल्याखेरीज बचत दिसत नाही, आणि न दिसणारी बचत कोणी पुन्हा करीत नाही.

सारांश, निघण्यापूर्वी एका कागदावर चार ओळी लिहाव्यात : रिकाम्या फेरीसह अंतर, स्वतः मोजलेली सरासरी, त्यांवरून येणारे लिटर आणि त्यांवर दहा टक्के राखीव. त्याखाली त्या दिवशीचा दर मांडून रक्कम काढावी आणि तो कागद सर्वांना दाखवावा. परतल्यावर त्याच कागदावर प्रत्यक्ष लागलेले लिटर लिहून तो जपून ठेवावा. या कामास अर्धा तास पुरतो आणि कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. हा कागद वेळेवर सर्वांसमोर आला, तर गाडी निघताना मागच्या आसनावरील ती शेतमजूर सदस्याही इतरांच्या इतक्याच निश्चिंतपणे बसलेली असेल.